पैलवानाच्या नातवाचे पाय

गावानं वच्छलाला आरोग्यरक्षक निवडलं ते तिच्या तोंडाकडे बघून. विहिरीवर ती बोलायला लागली की बायांच्या कळशा भरून वाहायच्या, तरी कुणी हलायचं नाही. आरोग्य केंद्रात शिकून ती आली आणि औषधांची पेटी घेऊन घरोघर फिरू लागली. तान्ह्या पोराची नजर, कान, पाय सगळं बघायचं, असं तिला शिकवलं होतं.

हिंदुराव पैलवानांच्या घरी मात्र तिची डाळ शिजेना. नातू मानसिंग सदा दुपट्यात गच्च गुंडाळलेला.

"पाय बघू द्या की मामी," म्हटलं, की पैलवानाची बायको सोनाबाई म्हणायची, "दृष्ट लागंल. तोंड बघ आन् जा."

एका सकाळी वच्छला थेट पैलवानापुढंच जाऊन बसली.

"मामा, तान्ह्या पोराला तेल कसं चोळायचं, तेवढं शिकवा की."

म्हातारा फुलला. तालमीत निम्म्या गावाची अंगं त्यानं रगडली होती. "अगं ए, आण त्याला हिकडं!"

सोनाबाई डोळे वटारत राहिली, पण भरात आलेल्या पैलवानानं स्वतःच दुपटं सोडलं. छाती चोळली, दंड चोळले, मांड्या चोळल्या. घोट्यापाशी हात थबकला. दोन्ही पावलं आत वळलेली. तळवे एकमेकांकडं बघत होते.

"पोटुशी असताना सुनेनं गिराणात भाजी चिरली," म्हातारा पडेल आवाजात म्हणाला.

"चिरण्याबिरण्यानं न्हाय हो व्हत हे. हाडं अजून कवळी हायती मामा. सोलापूरच्या दवाखान्यात पलास्तर घालून हळूहळू सरळ करत्यात. पर आत्ताच न्यायला पायजे."

"लई दुखंल का?"

"त्याला थोडं, तुमाला जास्त."

झालंही तसंच. डॉक्टरांनी पाऊल धरलं तसा मानसिंगनं टाहो फोडला, आणि दाराबाहेर पैलवानानं त्याच्याहून मोठा. कंपाउंडरनं पाणी दिलं ते म्हाताऱ्यालाच.

मग दर आठवड्याला एसटी, जुनं प्लास्टर काढायचं, नवं घालायचं. परतताना नव्या पेठेतून पोराला एखादं टोपडं नाहीतर खुळखुळा. शेजारचा प्रवासी विचारायचा, "पाय मोडला जनू?"

"कुस्तीत," म्हातारा गंभीरपणे सांगायचा. "समोरच्याचं काय झालं ते इचारू नका."

एकदा सोनाबाईनं पोराला प्लास्टरसकट न्हाऊ घातलं. सगळा लगदा झाला. वच्छला कपाळाला हात लावून बसली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बरोबर सोलापूरला गेली.

प्लास्टरं संपली, मग लोखंडी पट्टीनं एकमेकांना जोडलेले बूट आले. मानसिंग इतर पोरांपेक्षा उशिरा उभा राहिला, पण राहिला तो सपाट तळव्यांवर, आणि तडक कोंबड्यांमागं निघाला. सून पदर तोंडाला लावून बघत राहिली. सोनाबाईनं वच्छलाच्या हातावर साखर ठेवली.

पुढं गावात कुठंही बारसं असलं की पैलवान बोलावण्याआधी हजर. पाळण्यापाशी जाऊन दुपटं उलगडायचा आणि पावलं हातात घेऊन निरखायचा.

"वच्छलाबाई, ह्यांना आवरा की!" बाया कुरकुरायच्या.

वच्छलानं त्याला आवरलं नाही. पायांनंतर डोळे कसे बघायचे, तेही शिकवलं.