दारातून न जाणारी कपाटं

आमचे धाकटे भाऊजी, म्हणजे ह्यांचे पाठचे भाऊ, सुतारकाम करतात. गल्लीत त्यांना किल्लेदार म्हणतात, कारण ते कपाट करत नाहीत, किल्ला बांधतात. खिळा, स्क्रू त्यांना चालत नाही. लाकडात लाकूड ठोकून, सरस लावून असं बसवतात की हत्तीनं पाठ घासावी. शिवाय कपाट जोडायचं ते गिऱ्हाइकाच्या खोलीतच, भिंतीला लावून. भिंत वाकडी असली तर कपाटही तेवढंच वाकडं. होता होता ते दारापेक्षा मोठं होऊन बसतं.

"बाहेर कसं काढायचं हो हे?" मी एकदा विचारलं होतं.

"बाहेर काढायचंय कशाला, वहिनी?"

मग मंदी आली आणि लोकांनी हात आखडले. नवीन लाकूडसामान कोण करतंय! पलीकडच्या सुताराचं तरी बरं होतं. त्याच्या खुर्च्या बसल्याबरोबर कुरकुरायच्या, त्यामुळे दुरुस्ती चालू. आमच्या किल्लेदारांचं एक स्टूल मोडेल तर शपथ.

"जरा कच्चं करायला शिका की, भाऊजी."

"हात ऐकत नाही, वहिनी."

कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि मधोमध लाकूड कापायचं मशीन. जाऊबाई रोज भुसा झाडून पोत्यात भरायच्या. पुढे पुढे भुसाही पडेना. शेवटी मशीन विकायचं ठरलं. घेणारा बघून गेला, रविवारी टेम्पो आणतो म्हणाला. मशीन गेलं की कारखाना गेला, हे सगळ्यांना कळत होतं. भाऊजी तेवढे त्याला रोज तेल घालायचे, सासरी निघालेल्या लेकीच्या केसांना घालावं तसं.

त्याच आठवड्यात एक मास्तरीणबाई तणतणत आल्या. मोठं घर परवडेना म्हणून त्या लहान घरात निघाल्या होत्या. हमालांनी त्यांचं कपाट आडवं केलं, तिरकं केलं, दाराची फळी काढून पाहिली. कपाट जागचं हलायला तयार नाही.

"तुमचं कपाट तुम्हीच काढा आता! घरमालक भिंत फोडू देत नाही."

"कापावं लागेल," जाऊबाई म्हणाल्या.

"माझ्या हातानं? त्यापेक्षा मशीन गेलेलं परवडलं!"

"जाऊ दे मग. आणि तुम्ही बसा कपाटं कुरवाळत."

मी म्हटलं, "भाऊजी, एवढं मजबूत केलंत ना? मग कापल्यानं पडणार आहे थोडंच?"

हे मात्र त्यांना लागलं. ताडकन उठले. पण लोकांच्या कपाटाला एकदम करवत लावायचा धीर होईना, म्हणून आधी घरातल्यावर हात बसवायचा ठरला. आमच्या मधल्या खोलीतल्या कपाटानं खिडकीच गिळली होती. करवत टेकली आणि भाऊजी कण्हायला लागले. कपाट बिचारं गप्प होतं. मी पाणी घेऊन उभी, न जाणो, चक्कर यायची.

शेवटी एकाची दोन कपाटं झाली आणि दोन्ही ताठ उभी राहिली. खिडकी मोकळी झाली. जाऊबाई गजांना धरून बघतच राहिल्या. "अहो, समोर झाड आहे! कुणी सांगितलं नाही मला?"

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंच्या कपाटाची दोन झाली. दोन्ही कडा तासायला शेडमध्ये आणली, आणि उरलेल्या फळ्या मशीनवर घेऊन एक बाकडंही निघालं. बाई खूश, आणि बाईंची जीभ तर भलतीच चालती. बघता बघता लोक यायला लागले. मंदीत सगळेच लहान घरात निघालेले, आणि सगळ्यांकडे किल्लेदारांचे किल्ले.

रविवारी टेम्पोवाला आला तेव्हा मशीन घरघरत होतं. त्यानं दारातून खूप हाका मारल्या. भाऊजींना ऐकू गेल्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग जाऊबाईंनीच त्याला आत बोलावलं, चहा पाजला आणि मास्तरीणबाईंची दोन्ही कपाटं टेम्पोत चढवून दिली.

आता नवीन कामंही थोडी येतात. भाऊजी अजून खोलीतच जोडतात, अजून दारापेक्षा मोठंच करतात. फक्त आतल्या बाजूला पेन्सिलीनं एक रेघ मारून लिहून ठेवतात, 'इथून कापा'.

"मग आधीच लहान करा की!" जाऊबाई कपाळाला हात लावून म्हणतात.

"लहान?" भाऊजी म्हणतात. "लहान करायला मजबूत कशाला लागतं?"