कुंपणाजवळचं झुडूप

राजुऱ्यातल्या आमच्या अंगणात, आंब्याच्या सावलीत एक झुडूप आपोआप उगवलं आणि त्याला जांभळी फुलं आली. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी फिरायला निघणारे एक म्हातारे गृहस्थ मात्र काखेत पिशवी धरून कुंपणापाशी थांबत आणि डोळे बारीक करून ते ठामपणे ओळखत. आज कोरांटी, उद्या गुलबक्षी.

"नाव जाऊ द्या ना बाई," एकदा ते कळवळून म्हणाले. "मरून राह्यलं ते सावलीत. इथी कुंपणाजवळ लावा, ऊन भेटन."

मी भीतभीत ते मुळांच्या मातीसकट हलवलं. झुडूप जगलं. संध्याकाळी कळ्याच कळ्या दिसत, सकाळी फूल एकही नसे. शेवटी एकदा लवकर उठले, तर गृहस्थ पिशवी भरत होते.

मला पाहून खुशीत म्हणाले, "म्हटलं होतं ना मी! आता कसा बरोबर हात पुरते."