नाक न देता आलेला रिपोर्ट

दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात आमच्या सासूबाईंचा कोरोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. बातमी चांगलीच होती. अडचण एवढीच, की त्यांनी तपासणी केलीच नव्हती.

मी ओसरीत मशीनवर मास्क शिवत होते. लग्नाचे ब्लाऊज शिवायचे दिवस, पण लग्नंच नव्हती, म्हणून मास्क. सासूबाई समोर झिंगे निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचे मेसेज मीच वाचायची. रिचार्ज संपला, लॉटरी लागली, असलंच काहीतरी असायचं. या वेळी वाचलं, "आपला नमुना तपासण्यात आला असून अहवाल निगेटिव्ह आहे."

"कोनता नमुना?" सासूबाई म्हणाल्या.

"नाकातला, आत्याबाई. काडी घालून घेतात तो."

त्यांनी झिंगा खाली ठेवला आणि कोरड्या मनगटाने नाक चाचपलं. "माझं नाक त इथीच हाये. मी कोनाले देल्लं?"

मी हसत सुटले. शेजारच्या घरी सांगायला गेले, तर तिथेही तोच मेसेज. त्याच्या पलीकडच्या घरीही. आमचा मोहल्ला मासेमारांचा. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून घरं, दारोदारी जाळी वाळत घातलेली. दुपारपर्यंत सगळा मोहल्ला एकमेकांना विचारत होता, "तुयं नाक कोनी पाह्यलं?" आमच्या गावात तोवर काडी घेऊन एकही माणूस आला नव्हता. फोन नंबर मात्र सगळ्यांचे कुठल्या ना कुठल्या योजनेसाठी सरकारदरबारी दिलेले होतेच.

सगळ्यात जास्त हसले ते शेजारचे भाऊ. तलावावर डोंगा त्यांच्याइतका कुणी सफाईने चालवत नसे, आणि नकलाही त्यांच्याइतक्या कुणाला जमत नसत. सरपंच, बस कंडक्टर, लग्नातला रुसलेला जावई, सगळे त्यांच्या अंगात यायचे. त्या दिवशी त्यांना ताप होता, तरी खाटेवर उठून बसून त्यांनी डॉक्टरची नक्कल केली. हवेतच काडी फिरवली आणि म्हणाले, "तुम्ही घरी बसा, आम्ही तिकडूनच तुमचं नाक पाहून राह्यलो."

ताप उतरला नाही. त्यांची बायको, आमच्या वहिनी, त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तिथल्या माणसाने संगणकात पाहिलं आणि सांगितलं, "तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. साधा व्हायरल ताप आहे. आराम करा." वहिनी म्हणाल्या, तपासणी झालीच नाही. तो म्हणाला, इथे झाली असं दिसतंय. गोळ्या घेऊन दोघं परत आली.

पुढच्या काही दिवसांत भाऊंना बोलताना धाप लागायला लागली. भाड्याच्या जीपमध्ये घालून त्यांना ब्रह्मपुरीला नेलं. माझे यजमान सोबत गेले. तिथे छातीचं स्कॅन काढलं, ऑक्सिजन लावला. भाऊ परत आले नाहीत. अंत्यविधीला आम्हाला जाता आलं नाही. वहिनी दाराशी बसून राहिल्या आणि आम्ही रस्त्याच्या अलीकडे उभे राहून रडलो, कारण जवळ जायचं नव्हतं. असं लांबून रडणं मी पहिल्यांदाच केलं. संगणकात निगेटिव्ह होतेच, म्हणून दवाखान्याच्या कागदावर मरणाचं कारण न्यूमोनिया असं होतं.

त्यानंतर मोहल्ल्यात नाकावरून कुणी हसलं नाही. आणखी घरांत ताप होता. मी आरोग्य केंद्रात फोन लावला, तपासणीला पथक पाठवा म्हटलं. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, तुमच्या गावाचं शंभर टक्के टेस्टिंग झालंय. गाव क्लीन आहे. जिथे बाकी आहे तिथे आधी जाऊ ना."

"दादा, गावात कुणी आलंच नाही."

"शिबिर झालंय, मॅडम. सिस्टीमला आहे."

मग मी फोनचा सपाटाच लावला. आरोग्य केंद्र, तहसील, पंचायत समिती. मशीन बंद, फोन चालू. सासूबाई जेवणाचं ताट माझ्यासमोर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "आधी खा, मंग भांड." शेवटी आरोग्य केंद्रात नव्याने आलेले डॉक्टर स्वतः यायला तयार झाले. त्या कथित शिबिराच्या वेळी ते इथे नव्हतेच.

आता पंचाईत अशी, की गर्दीला बंदी होती. पोलीस पाटलांनी बजावलं, चार-पाच माणसांच्या वर कुणी जमायचं नाही. आणि बोलायचं तर सगळ्यांनाच होतं. चौघांनी सांगितलं तर त्या चौघांचाच घोटाळा झाला म्हणतील, अशी भीती. सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी पाटलांना विचारलं, "पाटील, तलावात किती मानसं असावी, हे कुठी लिहिलं हाये का?"

पाटील विचारात पडले. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

सकाळी डॉक्टर मोटरसायकलवरून आले, तेव्हा पाळीवर पाटील, आशाताई आणि मी, एवढीच माणसं होती. बाकी मोहल्ला पाण्यात. एकेका डोंग्यात एकेक कुटुंब, मध्ये चांगलं दोन बांबूंचं अंतर, सगळ्यांच्या तोंडाला मी शिवलेले मास्क. कुणी वल्हं रोवून डोंगा थांबवलेला, कुणाचा हळूहळू फिरत होता आणि तो फिरतच हात जोडून नमस्कार करत होता. डॉक्टर बघतच राहिले. "हे काय आहे?"

"सभा आहे," मी म्हटलं. "अंतर ठेवून."

त्यांनी सुरुवात सांभाळून केली. नोंदी मागच्या लोकांनी केल्या आहेत, चौकशी करावी लागेल, तुमचा कुणाचा गैरसमज झाला असेल. तेवढ्यात पहिल्या डोंग्यातून आवाज आला, "साहेब, माझं नाक कोनी पाह्यलं?" दुसऱ्यातून एका म्हाताऱ्याने विचारलं, "मी त तवा लेकीकडं एटापल्लीले होतो. तिथून नाक धाडलं का मी?" मग रांगच लागली. लोकांना थोडं हसूही यायला लागलं. सासूबाईंनी तर मास्क खाली करून नाकच पुढे केलं. "पाहून घ्या, वळखीचं वाटते का!" डॉक्टर ओशाळून हसले आणि म्हणाले, "आजी, आधी मास्क वर करा."

वहिनी भाऊंच्याच डोंग्यात बसल्या होत्या, त्यांचा दीर वल्हं धरून होता. मग त्या बोलायला लागल्या.

"माझ्या मानसाले तुम्ही तपासलं नाई. पन निगेटिव्ह हाये म्हनून माघारी धाडलं. तपासलं असतं त वाचला असता का?"

डॉक्टर पाण्याच्या कडेपर्यंत उतरले. मग म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही, ताई. पण त्यांना दवाखान्यात आठवडाभर आधी नेता आलं असतं." आणि मग आवाज जरा चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "या गावात शिबिर झालेलं नाही. हे मी तुमच्या सगळ्यांसमोर सांगतो."

दुसऱ्याच दिवशी पथक आलं. शाळेच्या व्हरांड्यात खरीखुरी काडी नाकात गेली. मोहल्ल्यातली कितीतरी माणसं पॉझिटिव्ह निघाली. त्यात मी आणि माझे यजमानही. आम्हाला शाळेतच ठेवलं. वर्गातल्या फळ्यावर तिथली जुनी उजळणी तशीच होती, ती वाचत आम्ही ताप काढला. पहिल्या दिवशी जेवण म्हणून सुकी बिस्किटं आली. सासूबाईंनी खिडकीखाली उभं राहून पंचायतीच्या माणसाला असं काही झापलं, की संध्याकाळी वरण-भात आला आणि मग रोज येत राहिला. त्यांचा स्वतःचा रिपोर्ट खराच निगेटिव्ह होता. त्याचा त्यांना इतका अभिमान, की मेसेज त्यांनी माझ्याकडून परत परत वाचून घेतला.

भाऊंनंतर मोहल्ल्यातलं कुणी गेलं नाही. याचं श्रेय कुणाला द्यावं, मला ठाऊक नाही. पण तपासणी झाली म्हणून लोक वेळेवर दवाखान्यात पोचले, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

हे इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढे कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना सरकार मदत देणार, असं जाहीर झालं. वहिनींची मुलगी बारावीत होती. आम्ही अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. कारण भाऊ निगेटिव्ह होते. जी तपासणी झालीच नाही, तिने आधी त्यांना दवाखान्यातून परत पाठवलं आणि आता ती वहिनींच्याही वाटेत आडवी आली. वहिनी तेव्हा पहिल्यांदा चिडलेल्या मी पाहिल्या. "मेल्यावरही याईले निगेटिव्हच ठेवून राह्यले," त्या म्हणाल्या, आणि अपील करायचं ठरलं.

चंद्रपूरला जिल्ह्याच्या समितीपुढे सुनावणी होती. आम्ही तिघी पहाटेच्या बसने निघालो. जंगलातून जाताना सासूबाई मोहाची झाडं मोजत होत्या आणि वहिनी मांडीवर स्कॅनची फिल्म धरून बसल्या होत्या, वाकू नये म्हणून. समितीतले साहेब वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. पण म्हणाले, संगणकात निगेटिव्ह दिसतंय तोवर आमचे हात बांधलेले आहेत. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं पाहिजे.

डॉक्टर कचरत होते. तेव्हा पाळीवर बोलले ते बोलले, पण साहेबांसमोर सांगायचं म्हणजे आपल्याच खात्याविरुद्ध उभं राहायचं. मी भेटले तर म्हणाले, बघू. वहिनी भेटल्या तर म्हणाले, वर विचारतो. मग सासूबाई गेल्या. मासे विकायची टोपली घेऊन आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसल्या आणि तिथेच धंदा मांडला. मरळ घ्या, झिंगे घ्या. पेशंट आत कमी आणि पायरीवर जास्त. डॉक्टर बाहेर आले.

"आजी, मला वर विचारावं लागेल."

"वर म्हनजे कुठी? पाळीवर बोलला तवा कोनाले इचारलं होतं?"

डॉक्टरांनी पुढच्या सुनावणीची तारीख विचारली. सासूबाई मला नंतर म्हणाल्या, "पोरगा चांगला हाये. फक्त त्याले कोनी सोबत पाह्यजे होतं." पुढच्या सुनावणीला त्या डॉक्टरांना घेऊनच आल्या, एकाच बसने, शेजारी बसून. तिकीट डॉक्टरांनी काढलं.

समितीपुढे डॉक्टर जेमतेम चार वाक्यं बोलले. शिबिर झालं नाही. नोंद खोटी आहे. स्कॅनवर कोरोनाची लक्षणं स्पष्ट आहेत. या बाईंचा नवरा कोरोनाने गेला. बाहेर आल्यावर त्यांनी पाण्याची अख्खी बाटली संपवली.

वहिनींचा अर्ज मंजूर झाला. मुलगी ब्रह्मपुरीला कॉलेजात गेली, वसतिगृहात राहिली. खोट्या नोंदीबद्दल मात्र कंत्राटावरच्या एका पोराला घरी बसवलं, आणि गावांचं टेस्टिंग एवढ्या दिवसांत संपवा असं ज्यांनी त्याला सांगितलं त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. आम्ही विचारलं. अजूनही कधीमधी विचारतो. चौकशी चालू आहे, असं उत्तर येतं. डॉक्टरांची बदली झाली, पण ती त्यांनीच मागितली होती, असं ते म्हणाले. दिवाळीला सासूबाईंना त्यांचा फोन येतो.

गेल्या हिवाळ्यात गडचिरोलीकडच्या एका गावातून एक बाई विचारत विचारत आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा त्याच लाटेत गेला होता आणि अर्ज कुठेतरी अडकून पडला होता. कुणीतरी बसमध्ये सांगितलं होतं, या गावातल्या बायका चंद्रपूरला जाऊन भांडल्या. त्यांना नीट मराठी येत नव्हती, मला गोंडी येत नव्हती. वहिनींना मात्र दोन्ही येत होत्या. त्या बाईंजवळ ओट्यावर टेकल्या, मुलाचं नाव विचारलं, तो काय काम करायचा ते विचारलं. अर्जाचं अजून कुणी काढलंच नव्हतं. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. बाई मुलाबद्दल सांगत होत्या, मध्येच हसत होत्या, आणि वहिनी त्यांचं बोलणं संपेपर्यंत ऐकत बसल्या होत्या.