एकशे सदतीस सीसीची करवत

मिस्त्रींना माणसांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण कुठली करवत किती सीसीची हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पोट पंप-मोटारी दुरुस्त करून भरतं. जीव मात्र इंजिनवर चालणाऱ्या जुन्या, अवजड साखळी-करवतींवर. घरात नऊ आहेत, त्यातल्या तीन पलंगाखाली. केर काढताना बायको त्यांना सवती म्हणते.

वर्षातून एकदा असले सगळे शौकीन एका लाकडाच्या वखारीत जमतात. गोणपाटावर करवती मांडायच्या, सीसी विचारायचं, वजन करायचं आणि शेवटी दोरीची परीक्षा. सुरू करायची दोरी धरून करवत उचलायची. इंजिनात दम असेल तर ती अधांतरी लटकते. नसेल तर दोरी सुटत जाते आणि करवत जमिनीला टेकते. सहा वर्षं मिस्त्रींच्या एकशे तेवीस सीसीच्या तांबडीचा पहिला मान होता.

यंदा धाकटे साडू एकशे सदतीस सीसीची घेऊन आले.

ही करवत एका म्हाताऱ्या लाकूडतोड्याच्या शेडमध्ये पडून आहे, हे मिस्त्रीच गेल्या वर्षी जेवताना बोलून गेले होते. त्यांनी तिच्यासाठी चार खेपा घातल्या. म्हातारा हो-नाही करत राहिला. साडू एकदाच गेले, गोड बोलले आणि घेऊन आले. वर सगळ्यांना सांगत होते, दादांमुळेच मिळाली. मिस्त्री हसले. ते हसू बरोबर आलेल्या बायकोच्या ओळखीचं होतं. शेजाऱ्यांनी नवा फ्रिज घेतला तेव्हाही तेच आलं होतं.

दोरीच्या परीक्षेत तांबडी हळूहळू खाली आली, दम लागलेल्या माणसासारखी. साडूंची बोटभरही हलली नाही. मंडळी तिच्याभोवती गोळा झाली, आता सुरू करा म्हणू लागली. तांबडीजवळ मिस्त्री एकटेच उरले.

साडूंनी कॅन उघडला आणि टाकीत पेट्रोल ओतलं. पाण्यासारखं स्वच्छ. मिस्त्रींच्या कॅनमधलं हिरवट असतं, कारण त्यात ऑइल मिसळलेलं असतं. या इंजिनांना दुसरं वंगणच नसतं. नुसत्या पेट्रोलवर चालवली तर पिस्टन बघता बघता जाम होतो आणि इंजिन कामातून जातं. मिस्त्रींनी ती धार पाहिली. मग चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले.

साडूंनी दोरी ओढली. एकदा. दोनदा.

"भाऊजी, थांबा," बायको म्हणाली. "पेट्रोलला रंग नाही."

सव्वीस वर्षं मिस्त्रींचे हिरवट डागांचे कपडे धुतलेली बाई होती, तिला कळणारच. साडूंनी कपाळाला हात लावला. टाकी रिकामी केली, मिस्त्रींकडचं हिरवट पेट्रोल मागून घेतलं, आणि तिसऱ्या ओढीला करवत अशी गरजली की वखारीचे पत्रे थरथरले.

"वाचलो हो ताई," साडू म्हणाले. "दादांचं लक्ष नव्हतं, नाहीतर तेच ओरडले असते."



"मी सांगणारच होतो," घरी येताना मिस्त्री म्हणाले.

"चष्मा घरी येऊन पुसला असता तरी चाललं असतं," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑइल मोजायची बाटली आणली आणि तिला म्हणाले, ही त्याला देऊन टाक, धांदरट आहे. तुम्हीच द्या, ती म्हणाली. बाटली तीन आठवडे चपलांच्या रॅकवर होती. बायको तिच्याभोवतीची धूळ पुसायची, बाटली हलवायची नाही. एका रविवारी ती तिथे नव्हती.

संध्याकाळी तिच्या धाकट्या बहिणीचा, साडूंच्या बायकोचा, फोन आला. दादा बाटली देऊन गेले म्हणाली. "पण ताई, चहासुद्धा घेतला नाही गं. हे घरी नव्हते, तर तासभर त्या करवतीपाशीच बसले होते. पुन्हा पुन्हा दोरीला धरून उचलून बघत होते."

"खाली आली का?" ताईने विचारलं.

"नाही."

"मग आज जेवायचे नाहीत," ताई म्हणाली आणि भाताचं एक माप कमी केलं.