खंडेनवमीची दोन काडतुसं

मी एकदा माझ्या नवऱ्यावर दुनळी बंदूक रोखली होती. भरलेली. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. उलट त्या सकाळी मी त्यांच्यावर जरा जास्तच खूश होते. नातवंडांना हे सांगितलं की ती विचारतात, "मग आजोबांनी काय केलं?" काय करणार, हात वर केले. एका हातात पंचा होता, तोही वर गेला.

लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात मामंजी, सासूबाई, हे आणि मी. मामंजी पलटणीतून सुटून आल्यावर गिरगावातल्या एका सराफी पेढीवर राखणीला होते. बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची. संयुक्त महाराष्ट्रासाठी सारखे हरताळ चालले होते. पेढी बंद राहिली की बंदूक घरात आणि मामंजीही घरात.

बंदुकीची शिस्त मोठी होती. ती लांबट लाकडी पेटीत, पेटी भिंतीला स्क्रूने आवळलेली, किल्ली मामंजींच्या करगोट्याला. काडतुसं दुसऱ्या खोलीत कपाटात, त्याची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. कामावर निघताना मामंजी बंदूक उघडून सासूबाईंना दोन्ही नळ्या रिकाम्या दाखवत, मग सासूबाई काडतुसं मोजून देत. संध्याकाळी उलटं. पुसायला बसले तरी तोंड कायम बाहेरच्या दगडी भिंतीकडे. वर बिऱ्हाड, खाली बिऱ्हाड, दोन्ही अंगांना फळ्यांच्या भिंती. चाळीत बंदुकीने तोंड करावं अशी ती एकच जागा.

मला हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. मी तेव्हा फार शहाणी होते. एका मोर्चाला जाऊन आले होते, घोषणा देऊन घसा बसवून घेतला होता, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळाली तर ती माझ्या घशामुळेच मिळणार अशी माझी खात्री होती.

त्या वर्षी नवरात्रात सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी गावी गेल्या. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "कमरेची सोडू नको गो. आणि तेंनी बंदूक दाखवल्याशिवाय कपाट उघडू नको." मी मान डोलावली. मान डोलवण्यात माझा हात कुणी धरला नसता.

खंडेनवमीला मामंजींनी बंदूक काढली, तेलाच्या फडक्याने लखलखीत केली आणि पाटावर ठेवली. ठेवली तीही उघडी, मधोमध दुमडलेली. मग "झेंडू घेऊन येतो," म्हणून खाली उतरले. हे मोरीत अंघोळीला.

मी पाटाकडे बघत बसले. आमच्या माहेरी किराणा दुकान. खंडेनवमीला तागडी चिंचेने घासून मांडायची आणि शेजारी सगळी वजनं, अगदी छटाकापर्यंत. वजनं मांडल्याशिवाय वडील हळदकुंकू वाहत नसत. आणि इथे नुसती बंदूक, तीही मोडल्यासारखी वाकलेली. पूजेला मोडकी वस्तू कशी ठेवायची? काडतुसांची दोन्ही घरं रिकामी, ती डोळ्यांना बरी दिसेनात. मी कपाट उघडलं, दोन काडतुसं आणली, मामंजी पेढीवर निघताना भरत तशी घातली आणि बंदूक सरळ केली. खट्ट असा गोड आवाज आला. दस्त्याला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. पूजा आता भरल्यासारखी दिसत होती. इतकी अक्कल एका डोक्यात कशी मावते, याचं मला त्या क्षणी कौतुकच वाटलं असणार.

इतक्यात हे केस पुसत बाहेर आले. "काय चाललंय पुढारीणबाई?"

मी बंदूक उचलली. आतली काडतुसं माझ्या लेखी तागडीशेजारच्या वजनांसारखी, नुसती पूजेची मांडणी. चांगलीच जड होती. दस्ता खांद्याला लावला, एक डोळा मिटला. "हात वर. मुंबई देता की नाही?"

ह्यांनी हात वर केले. "मुंबई घ्या, पण आधी चहा द्या."

माझं बोट चापावर होतं. तोंडाने 'ठो' म्हणायला मी श्वास घेतलाच होता, तेवढ्यात दारातून मामंजींचा आवाज आला. आवाज हळू होता, एरवी देवाशी बोलत तेवढा.

"सूनबाई, बोट बाहेर काढ."

मी काढलं.

"आता दगडी भिंतीकडे वळ. हळू. तशीच थांब."

ते पाठीमागून आले, माझ्या हातांखालून त्यांनी बंदूक काढून घेतली आणि भिंतीसमोरच उघडली. दोन्ही काडतुसं बाहेर काढून खिडकीच्या कट्ट्यावर उभी केली. झेंडूची पुडी दारातच पडली होती.

"हात खाली करू का?" ह्यांनी विचारलं. ते अजून हसतच होते. मग त्यांना कट्ट्यावरची काडतुसं दिसली. ते होते तिथेच खाली बसले. तीन तांबे पाणी प्यायले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. एका 'ठो'चं अंतर होतं, दुसरं काही नाही.

मामंजींनी बंदूक तशीच उघडी पाटावर ठेवून पूजा केली. मला वाटलं, आता माझी पाठवणी माहेरी. ट्रंकेत दोन लुगडीही भरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी मी मामंजींना आपट्याची पानं दिली, वाकून नमस्कार केला आणि कपाटाची किल्ली त्यांच्या पायाशी ठेवली. "मामंजी, ही तुम्हीच ठेवा. मी या लायकीची नाही."

त्यांनी किल्ली उचलली, पानाच्या देठाने उगीच तिच्यातली धूळ काढली आणि माझ्या हातात परत ठेवली. मग म्हणाले:

"दोन्ही किल्ल्या माझ्याकडे आल्या तर मला अडवणार कोण? तुझी सासू आली तरी ही तुझ्याकडेच राहू दे. काल बंदूक सोडून मी खाली गेलो, ती माझी चूक. मला इतक्या वर्षांत तिची भीती उरलेली नाही, तुझी कालची ताजी आहे. मी रिकाम्या नळ्या दाखवल्याशिवाय काडतूस द्यायचं नाही. उशीर झाला म्हणून ओरडेन, तरी द्यायचं नाही. आता ऊठ, आणि तो पोरगा कालपासून चहा मागतोय, त्याला दे."