शफीभाईंचा सकाळचा राउंड

आधीच सांगते, घरी सासूबाई नातीची दृष्ट काढतात तेव्हा मिरच्या वाया गेल्या म्हणून कुरकुरणारी बाई मी. या सदरातले गूढ अनुभव वाचते, पण वाचताना मनात शंभर प्रश्न असतात... दिवा गेला तर फ्यूज बघितला का? पावलं ऐकू आली तर वरच्या मजल्यावर विचारलं का? माझं कामच तसं आहे. गेली चौदा वर्षं मी सर्व्हर सांभाळते. मशीनवर कोण आलं, कधी आलं, काय बदललं, सगळ्याची नोंद तिथे आपोआप होते. नोंद नाही तर घटना नाही, असा माझा साधा हिशेब होता. तरीही हे लिहायला बसले आहे, कारण हे प्रकरण डोक्यातून जात नाही.

मी राहते शारजाला, ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये. आमच्या टीमकडे एका वाहतूक कंपनीचे एकतीस सर्व्हर आहेत. मुहैस्नाच्या कॅम्पांमधून कामगारांना साइटवर नेणाऱ्या बसगाड्यांचं सगळं वेळापत्रक त्यांच्यावर चालतं. प्रत्येक सर्व्हरवर काही कॉन्फिग फाइल असतात, म्हणजे मशीनने कसं वागायचं हे लिहून ठेवलेल्या साध्या मजकुराच्या फाइल. त्यात एक ओळ इकडची तिकडे झाली, तर सकाळी हजारभर माणसं उन्हात बसची वाट बघत उभी.

या फाइल एकोणीस वर्षं शफीभाईंनी हाताने सांभाळल्या. हर्णैचे. बायको-मुलगी गावाला, हे इथे अल नहदामध्ये दोन रूममेट्सबरोबर. त्यांनी सर्व्हरना माशांची नावं दिली होती! बांगडा, पेडवे, मोरी, सुरमई, कर्ली... मशीन वाढत गेली तसे मासे संपले, मग शेवटच्या तिघांना शिंपल्यांची नावं... तिसऱ्या, कालवं आणि खुबे. मीटिंगमध्ये 'सुरमई डाउन आहे' म्हटलं की आमचे मॅनेजर बिजू सर कपाळावर हात मारायचे.

रोज सकाळी चहा घेऊन शफीभाई राउंड घ्यायचे. एकेका सर्व्हरवर जायचं, फाइल उघडायची, वाचायची आणि वर रोमन अक्षरांत मराठी शेरा टाकायचा... 'बघितला. ठीक आहे.' क्रमही त्यांचा स्वतःचा, मशीन ज्या क्रमाने ऑफिसात आली त्याच क्रमाने. पहिला बांगडा, शेवटचा खुबे. मी एकदा विचारलं, "शफीभाई, इंग्लिशमध्ये का नाही लिहीत?"

"इंग्लिशमध्ये लिहिलं की सगळेच शहाणे होतात, बाय. मराठी दिसली की हात लावायच्या आधी मला विचारतात."

मग ऑटोमेशन आलं. आणलं मीच. एका जागी मूळ फाइल ठेवायची, टूल ती एकतीस ठिकाणी पाठवतं. कोणी हाताने एक अक्षर जरी बदललं तरी मिनिटभरात टूल ते पुसतं, फाइल पूर्ववत करतं आणि माझ्या फोनवर 'बदल आढळला' असा मेसेज येतो. शफीभाईंचे शेरेही त्यात पुसले गेले आणि पाठोपाठ त्यांची जागा गेली. महिनाभर शेजारी बसवून त्यांनी मला सगळं शिकवलं, मी ते वहीत उतरवलं. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा करताना एवढंच म्हणाले, "तुझं टूल फाइल बघेल गो. मशीन बरं आहे की नाही ते कोण बघणार?"

मला ते लागलं. पण रागही आला, खोटं कशाला बोलू. मी काही त्यांचं वाईट करायला निघाले नव्हते.

ते गेल्यावर आठवडाभरात आम्ही जुनी मशीन काढून नवी आणली. नावं गेली, नंबर आले. कुठला मासा कुठल्या नंबरात गेला हे फक्त माझ्या वहीत होतं, पेन्सिलने.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, ऑगस्टमधल्या एका मंगळवारी. सकाळी नऊ दहाला मेसेज आला. सर्व्हर १४, बदल आढळला. बघेपर्यंत टूलने फाइल पूर्ववतही केली होती. दोन मिनिटांनी सर्व्हर ३. मग २२. मग ९. मी काय बदललं ते उघडून बघितलं. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एकच नवी ओळ.

बघितला. ठीक आहे.

पहिल्यांदा मी हसले. मग लगेच हसू गेलं, कारण २७ आला, आणि मला उगाचच वही काढावीशी वाटली. बांगडा म्हणजे १४. पेडवे ३. मोरी २२. सुरमई ९. कर्ली २७... पुढचा हलवा, म्हणजे ११ असणार. मी फोनकडे बघत बसले. ११ आला.

बिजू सर मागे येऊन उभे राहिले होते. ही ओळ ऑफिसात सगळ्यांना पाठ होती, त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"ये शफी का है ना? ही इज इनसाइड द सिस्टिम?"

"सर, त्यांचं अकाउंट बंद आहे. मीच बंद केलंय. लॉगिनची नोंदही नाही, कुठूनच नाही."

"तो लॉग साफ किया होगा. मृणाल, यू अंडरस्टँड? क्लायंट का सिस्टिम है. केस हो जाएगा. पोलीस केस."

ते खरंच होतं. इथे असल्या गोष्टीला माफी नाही. तुरुंग, मग कायमची परत पाठवणी, आणि गावाला बारावीतली मुलगी. मी शफीभाईंना फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. परत लावला. परत... चार वेळा. तोवर सतरा सर्व्हर झाले होते. माझं डोकं असं तापलं की विचारू नका. वाटलं, हा माणूस मला धडा शिकवतोय. तुझं टूल पुसत राहील, मी लिहीत राहीन. आणि फोनही उचलत नाहीये!

बिजू सरांनी सिक्युरिटीसाठी मेल लिहून ठेवला होता, नुसतं पाठवायचं बाकी होतं. मी म्हटलं, "सर, मला एक तास द्या. मी त्यांच्या घरी जाऊन त्यांना थांबवते. मशीनचं नुकसान काहीच झालेलं नाही."

सरांनी घड्याळ बघितलं. शफीभाईंबरोबर अकरा वर्षं जेवलेला माणूस, त्यांनाही ते बटण दाबायचं नव्हतं. "वन अवर. यल्ला, गो."

दहा वाजता टॅक्सीत बसले तेव्हा बावीस झाले होते. टॅक्सीवाला पेशावरचा, गप्प माणूस. मी मांडीवर वही उघडून एका हातात फोन धरलेला. तेविसावा यायला पाच मिनिटं लागली. चोविसावा त्याहून उशिरा. आधी दर दोन मिनिटांनी मेसेज यायचा, आता मधलं अंतर वाढत होतं. आणि ओळही बदलली होती. 'बघितला. ठीक' एवढंच. पुढच्याला नुसतं 'बघितला'.

मी शफीभाईंना एकोणीस वर्षांत एकही शेरा अर्धा सोडताना पाहिलं नाही... म्हणजे, माझ्या वाट्याला त्यातली सहाच वर्षं आली, पण त्यांच्या जुन्या फाइलही मी चाळल्या होत्या. पूर्णविरामसुद्धा चुकायचा नाही.

आणि तिथे, सिग्नलला, एक साधी गोष्ट डोक्यात आली. ती तासाभरापूर्वीच यायला हवी होती. नवे नंबर शफीभाईंना माहीतच नाहीत. ते गेल्यानंतर दिलेत. बांगडा म्हणजे १४, हे या जगात फक्त माझ्या मांडीवरच्या वहीत आहे.

"बाजी, एसी बढाऊं?" टॅक्सीवाल्याने आरशात बघून विचारलं. मला घाम फुटला होता.

"नहीं भाई. गाडी तेज चलाओ."

सत्ताविसावा. अठ्ठाविसावा. मग तिसऱ्या... मासे संपले, शिंपल्या लागल्या. वहीत दोनच नावं उरली. मला काय वाटत होतं ते मी आता समजावून सांगू शकत नाही, पण यादी संपायच्या आत पोचायला हवं, एवढंच कळत होतं. का, ते कळत नव्हतं.

बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, बंगाली होता. म्हणाला, "शफीभाई आज नीचे नहीं आया मॅडम. रूमवाले दोनो ड्यूटी पे." वर गेलो. बेल वाजवली. फोन लावला तर आतून रिंग ऐकू येत होती. नातूरकडे डुप्लिकेट चावी होती, पण द्यायला तयार होईना. परक्या बाईला बॅचलर लोकांच्या खोलीत कसं सोडू, रूल आहे. मी आयुष्यात कधी ओरडले नाही एवढी त्याच्यावर ओरडले. त्याच वेळी हातात फोन थरथरला. कालवं. ओळीत फक्त 'बघि' होतं.

दार उघडलं. शफीभाई स्वयंपाकघरात ओट्याखाली पडले होते, कुशीवर. चहाचं भांडं शेजारी उपडं. डोळे अर्धे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण ओठ हलत होते. नातूर ॲम्ब्युलन्सला फोन करत होता, मी गुडघ्यांवर बसून कान जवळ नेला. आवाज नव्हताच, नुसता श्वास. पण ओठ कुठलं नाव जुळवतायत ते मला दिसलं, कारण वहीत तेवढं एकच उरलं होतं.

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. स्वतःला डॉक्टरबिक्टर समजून नाही, ते आपोआप झालं. म्हटलं, "शफीभाई, बास. पुढे जाऊ नका. राहू दे तो एक."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हात काढला नाही. हाताला त्यांचा श्वास लागत होता, मी तो मोजत होते.

एकतिसाव्या सर्व्हरचा मेसेज आला नाही. आजतागायत नाही.

मेंदूत गुठळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेत आणलंत. तीन आठवड्यांनी शफीभाई बोलायला लागले, अडखळत. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, बिजू सरांनीही नाही. मी फक्त विचारलं, "पडलात तेव्हा काय आठवतंय?"

"चहा ठेवला होता... पाय गेला. उठता येईना. झोप यायला लागली, अशी गोड झोप. मला कळत होतं गो, झोपलो तर खलास. जागं राहायला काहीतरी हवं. म्हणून मग राउंड घेतला. मनातल्या मनात. बांगड्यापासून."

"कुठपर्यंत पोचलात?"

डोळे मिटून त्यांनी आठवलं. "कालवं. पुढे कोणीतरी थांब म्हणालं."

ऑफिसात रीतसर चौकशी झाली. शफीभाईंनी जाताना एखादी स्क्रिप्ट लपवून ठेवली असेल, असं आधी सगळ्यांनाच वाटलं. माझी तेरा वर्षांची लेक तर ऐकल्या ऐकल्या म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट सम ओल्ड स्क्रिप्ट." पण मशीन नवी कोरी, शफीभाई गेल्यानंतर आलेली. त्यांचा लॅपटॉप आमच्याच कपाटात कुलपात. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी चार दिवस नोंदी उपसल्या. फाइल बदलल्याची वेळ सापडली. बदलणारा सापडला नाही. आणि कुणाला नंबर माहीत असतेच, तरी शब्द मधेच का तुटत गेला? अहवालात शेवटी 'कारण अज्ञात' लिहून फाइल बंद केली. बिजू सरांनी तो न पाठवलेला मेल माझ्यासमोर डिलीट केला आणि त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. माझा नवरा योगायोग म्हणतो. तीस वेळा योगायोग?

मी स्वतः शेकडो वेळा त्या नोंदी वाचल्या. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि कुणाकडे असेल तर कृपा करून मला कळवा. पण खरं सांगायचं तर मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही.

शफीभाई आता हर्णैला असतात. काठी घेऊन बंदरापर्यंत चालतात. दर शुक्रवारी नमाजनंतर त्यांचा व्हॉइस मेसेज येतो. माझ्या लेकीला दुआ, मला दुआ, आणि मग दर वेळी तेच... "माझी हाक फक्त तुला ऐकू आली गो, बाय. तू लगोलग धावलीस." त्यांची बायको मागून रडत काहीतरी म्हणते. मी उत्तरात नुसतं 'काळजी घ्या' लिहिते. त्या सकाळी टॅक्सीत बसताना, दारात भेटल्यावर तोंडावर फेकायचं वाक्य मी मनात घोळवत होते... 'लाज नाही वाटत का हो?' मी त्यांना वाचवायला नाही, चोर म्हणून पकडायला निघाले होते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.