एकट्याचं तिकीट

आम्हाला जर्मनीत येऊन चौदा महिने झाले होते, तेव्हा ह्यांनी परत बीडला जायचं तिकीट काढलं. एकट्याचं. आणि ते माझ्या तोंडामुळं काढलं, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढं वाचताना कुणी ह्यांना नावं ठेवायला नको.

मी नर्स. अंबाजोगाईला शिकले, तिथंच एका दवाखान्यात चार वर्षं काढली, मग पुण्यात जर्मन भाषा घोकली आणि इथं एका लहानशा गावातल्या वृद्धाश्रमात कामाला लागले. हे बीडला क्लासमध्ये दहावीचं गणित शिकवायचे. ह्यांनी वर्गात पाऊल टाकलं की पोरं उभी राहायची. स्टँडवर उतरलं की दोन-चार रिक्षावाले तरी ‘सर, या’ म्हणून हाक मारायचे. असा माणूस नोकरी सोडून माझ्यासोबत आला आणि घरात बसला. गावाकडं लोक म्हणायचे ते म्हणालेच, की बायकोचा पदर धरून गेला. हे हसून सोडून द्यायचे.

भाषेची परीक्षा दोनदा दिली, दोनदा हुकली. एका गोदामात खोकी उचलायचं काम मिळालं, ते चार महिन्यांत संपलं. मग हे घर सांभाळायला लागले. मी पाळी संपवून आले की दार आधीच उघडं असायचं, कारण ह्यांना माझी बस कोपऱ्यावर वळलेली खिडकीतून दिसायची. कुकर झालेला, कपडे वाळत घातलेले. कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा हे ह्यांना तोंडपाठ, मला आजही नाही. मी मात्र कधी ‘बरं झालं तुमी हायेत’ असं म्हणाले नाही. सुख असलं की माणसाच्या जिभेला गंज चढतो. राग आला की तीच जीभ लखलख चालते, माझी तर जास्तच.

तर त्या दिवशी सकाळच्या पाळीत आश्रमातल्या एक आजी माझ्या हातातच गेल्या होत्या. तीन महिने मी त्यांची वेणी घालत होते. घरी आले ती डोक्यात नुसता धूर घेऊन. आणि हे दारातच सांगायला लागले, “आज राहायच्या परवान्याच्या ऑफिसात त्या बाईनं पुन्हा तुझाच कागद मागितला. माझ्याकडं बघितलं सुदिक न्हाई. मी हाय का न्हाई हितं? बीडला असतो तर...”

“तर जावा की बीडला,” मी म्हणाले. “मी कुठं बांधून ठेवलंय तुमाला?”

ह्यांनी आत जाऊन माझं ताट वाढलं. तिसऱ्या दिवशी तिकीट दाखवलं. जूनमध्ये क्लास सुरू होतात, त्याच्या आधीचं. “तुझं चांगलं चाललंय,” म्हणाले, “माझं तिकडं चालंल. दोन वर्षांनी बघू.” त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. टोमणा असता तर मी भांडले असते आणि भांडणात खरं काय ते बाहेर पडलं असतं.

‘जाऊ नका.’ दोन शब्द. मला ते म्हणता येईनात. आमच्या माहेरी बोललेला शब्द मागं घेतलेला मी कधी पाहिला नाही. आई आणि मोठी काकू एका वाटलेल्या चटणीवरून सात वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी त्यांचंच पाणी प्यालेली.

मग ह्यांनीच विषय काढला, “आलोच हाय तर जायच्या आधी चार गावं बघू. प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस. बसनं. तुझी सुट्टी पडून हाय.” मला वाटलं, चला, माणसाला जाता जाता युरोप बघायचाय. बघू दे. आणि मनात असंही, की बारा दिवस आहेत, कुठंतरी बोलून टाकू.

निघायच्या आदल्या दिवशी मी माझी लहान बॅग भरली आणि स्वयंपाकघरात डोकावले, तर हे बीडच्या बाजारातून आणलेली मोठी चेनची पिशवी भरत होते. तवा. पाच किलो ज्वारीचं पीठ. विजेची शेगडी. तांब्या, सतरंजी, दोरी, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, सुई-दोरा, मीठ. घरातली कुंडी शेजारच्या बाईकडं देऊन झाली होती, फ्रिज रिकामा करून पुसला होता, गॅसचा कॉक बंद.

“बारा दिवस जायचंय,” मी म्हणाले. “बारा महिने न्हाई.”

हे थांबले. पिशवीकडं बघितलं, मग स्वतःच ओशाळं हसले. ह्यांचे आईवडील तलवाड्याकडचे, ऊसतोडीला जाणारे. पाचवीपर्यंत हेही दर वर्षी त्यांच्याबरोबर फडावर जायचे, नंतर वसतिगृहात राहिले. त्या घरात गाव सोडून बाहेर पडायचं ते दिवाळीनंतर आणि परतायचं ते उन्हाळ्यात. जाताना तवा, पीठ, अंथरूण, कोंबड्या सगळं ट्रॅक्टरवर. नुसतं बघायला म्हणून कुठं जायचं आणि आठवड्यात परत यायचं, असा प्रवास ह्यांनी जन्मात केला नव्हता. खरं सांगायचं तर मीही नाही. म्हणून मी तवा काढा असं म्हणाले नाही. तिथं चुकलं.

त्या पिशवीनं प्रागमध्ये आमचे हात तोडले. बसवाला म्हणाला, घर बदलताय का. मी जर्मनमध्ये हो म्हणून टाकलं.

प्रागला नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर गर्दी होती. सगळे फोटो काढत होते आणि हे एका दगडावर तळहात ठेवून उभे. “हे उचलणारे राहत कुठं असतील?” मला म्हणाले. “नदीकाठीच झोपड्या टाकल्या असतील, न्हाई का? पाण्याची सोय.” चारशे लोक पुतळे बघत होते आणि आमचा माणूस गवंड्यांची वस्ती शोधत होता. मला इतकं भरून आलं. वाटलं, असा माणूस मला दुसरा कोण मिळणार आहे. तोंड उघडलं, आणि म्हणाले काय, तर “चला, ऊन लागतंय.”

व्हिएन्नात राजवाड्याच्या बागेत बाकावर बसून आम्ही सकाळची भाकरी खाल्ली. माझी टाच दिवसभर उभं राहून राहून दुखते, हे ह्यांना ठाऊक. लोकांसमोर माझा बूट काढून टाच दाबायला बसले. मी पाय ओढून घेतला, तर म्हणाले, “कावून लाजतीस? हितं कोण आपल्या वळखीचं हाय?” मग दाबता दाबता सांगायला लागले, की वहीत सगळं लिहून ठेवलंय. कचऱ्याची पिवळी पिशवी बुधवारी, कागद महिन्यातून एकदा, पाणी किती गरम झालं की पिठात घालायचं, भाकरी चिरली तर काय करायचं. “तुला अडायला नको.”

मी मान वर करून झाडांकडं बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलेलं ह्यांना दिसू नये, एवढीच माझी धडपड.

तेवढ्यात आत्याबाईंचा व्हिडिओ कॉल आला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. आधी त्यांनी राजवाडा बघितला, एवढ्या खिडक्या पुसतं कोण असं विचारलं. मग हे सांगून बसले, की मी पुढच्या महिन्यात येतोय.

“दोघंबी?”

“मी येतोय. ती मागून.”

“मागून म्हंजी कवा?”

ह्यांनी फोन पुन्हा राजवाड्याकडं फिरवला. आत्याबाईंनी जरा वाट बघितली. “तुमी शिकलेली माणसं,” म्हणाल्या. “तुमचं तुमाला कळतंय.” आणि फोन मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हातात दिला. त्या भांडल्या असत्या, रडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढ्या सरळ बोलल्या की मला दिवसभर भूक लागली नाही.

मग व्हेनिस. बारापैकी दहावा दिवस. व्हेनिसला गाड्या नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. रस्त्याऐवजी पाणी आहे, हेही माहीत होतं. पण प्रत्येक पाण्यावर पूल आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या, हे कुणी सांगितलं नव्हतं. भर दुपारी, खांद्याला वळ उठलेले, दुसऱ्या पुलापाशी ह्यांनी माझी ओढणी मागितली, तिची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि पिशवी उचलून त्या चुंबळीवर घेतली. मी हात लावला का, तर लावला, पण इकडंतिकडं बघत. डोक्यावर ओझं आलं आणि ह्यांची चालच बदलली. पाठ सरळ, पाऊल हलकं, गर्दीतून झपझप निघाले. लोक बाजूला होत होते. एका बाईनं फोटो काढला, मग दोघातिघांनी काढले.

माझं डोकं फिरलं. “उतरवा ते,” मी म्हणाले. “लोक तमाशा बघायलेत.”

“वजन हाय. खांद्यावर न्हाई झेपत.”

“मग तवा कशाला आणला? गावाकडचं सगळं उचलून आणायचं आणि माझी शोभा करायची.”

हे थांबले. गुडघ्यात वाकून पिशवी पुलाच्या पायथ्याशी खाली ठेवली. मी थांबले नाही. तरातरा पूल चढले, पलीकडं उतरले आणि एका दुकानाच्या सावलीत उभी राहिले. येतील मागून. पाच मिनिटं झाली. दहा झाली. तेव्हा ध्यानात आलं, की पुढच्या महिन्यापासून असंच उभं राहायचंय, मागून कुणी येणार नाही.

पूल परत चढले. वरून बघितलं तर हे पिशवीपाशी उभे. चुंबळ डोक्यावर तशीच. पिशवी मांडीपर्यंत उचलली, पुढं जाईना, खाली ठेवली. एक उंच पोरगा पुढं होऊन हात द्यायला लागला, तर ह्यांनी हात जोडून त्याला नको म्हटलं. आणि पुलाकडं बघत राहिले.

मी खाली उतरले. “तो मदत करत होता, त्याला न्हाई कावून म्हणालात?”

“त्याला जमायचं न्हाई,” हे म्हणाले. “फडात मोळी डोक्यावर घ्यायची तर बापाला आईचाच हात लागायचा. दुसरा माणूस ताकद लावतो, पण वेळ चुकते. एकदा मुकादमाच्या पुतण्यानं हात लावला, तर बापाची मान आठ दिवस वाकडी. आई मधल्या काळात आजारी होती, तवा बाप मोळ्या बांधून नुसता बसून राहायचा. ऊस एकट्याला तोडता येतो. डोक्यावर एकट्याला घेता येत न्हाई.”

तक्रार म्हणून नाही, पिशवीची अडचण म्हणून सांगत होते. मी खाली वाकले. “कुठं धरू?”

“खालून. गुडघा लाव. मी ‘हं’ म्हणलं की वर.”

पिशवी गुडघ्यावर आली, छातीपर्यंत आली, आणि नेमकी तिथं मी म्हणाले, “जाऊ नका.”

“आधी हे वर जाऊ दे,” हे म्हणाले.

वर गेलं. डोक्यावर ओझं असल्यामुळं ह्यांना मान वाकवता येईना, माझ्याकडं बघता येईना. नजर समोर, दोन्ही हात पिशवीला. मला तेच बरं पडलं. मी त्या पुलाच्या पायरीवर उभी राहून सगळं बोलले. की मी त्या दिवशी चिडून म्हणाले होते, मनातून नाही. की तुमी कमावता का घरी बसता ह्यानं मला काडीचा फरक पडत न्हाई. की बस वळते तेव्हा खिडकीत कोण आहे हे बघण्यासाठी मी दिवसभर काम करते. की मला तुमी लागता, आणि हे मी आजवर म्हणाले नाही ही माझी मस्ती. रडतही होते आणि आजूबाजूला लोक होते. ह्या वेळी मला कुणाचं काही वाटलं नाही.

हे ओझं डोक्यावर घेऊन सगळं ऐकत होते.

“कामाचं काय करायचं, ते मला कळत न्हाई,” मी म्हणाले. “माझ्याकडं उत्तर न्हाई.”

“ते माझं मी बघतो. तिसऱ्यांदा परीक्षा देतो. न्हाई जमलं तर पुन्हा भांडू.” मग म्हणाले, “पर लई उशीर केलास.”

मला वाटलं, तिकीट आता रद्द होत नसेल.

“प्रागला वाटलं, आज म्हणशील,” हे म्हणाले. “व्हिएन्नाला वाटलं, आज तर नक्की. दहा दिवस तुला फिरवायलोय. तुला काय वाटलं, मला ही गावं बघायची हौस होती? आता ह्याच्या पुढं समुद्र हाय. हितंबी न्हाई म्हणाली असतीस, तर कुठं नेलं असतं तुला?”